कॅप बसेपर्यंत

कृष्णमूर्तीपुरम, मैसूर
१२ डिसेंबर

चि. सुप्रीता,

चि.पुढे सौ. लिहायचं की नाही, यात पाच मिनिटं गेली. शेवटी नाही लिहिलं. आशीर्वादही लिहीत नाही. तू या घरची सून होतीस तेव्हा तीन वर्षं मी ते भरभरून दिले, आणि त्यांचा तुला काय उपयोग झाला ते आपल्या दोघींना ठाऊक आहे.

परवा माझ्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल सुरू झालं. तीच दाढ, जिच्यात तू चांदी भरली होतीस आणि म्हणाली होतीस, "अत्ते, हिच्यावर लक्ष ठेवा, ही एक दिवस त्रास देणार." दिला. आठवडाभर सोसलं आणि मग हिनकलला डॉ. पावनीकडे गेले. मैसुरात पावलापावलावर दातांचे दवाखाने असताना ही बाई दोन बस बदलून तुझ्याच वर्गमैत्रिणीकडे का गेली, असं तू विचारशील. तर तुझी काही खबर मिळते का ते बघायला गेले. तिच्या टेबलावर तुझ्या पिरियापट्टणच्या दवाखान्याचं कार्ड होतं. ती हातमोजे घालायला वळली तेव्हा मी ते पर्समध्ये टाकलं. नोकरी संपेपर्यंत मुख्याध्यापिका म्हणून पोरांची दप्तरं तपासली आणि एकसष्टाव्या वर्षी ही चोरी केली.

पावनी कामाला चांगली आहे, पण बोलत नाही. तू इंजेक्शन देताना काहीतरी गमतीचं सांगायचीस, तेवढ्यात सुई आत गेलेली असायची. हिने छापील कागद हातात दिला. बधिरपणा जाईपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही. त्या बाजूने चावायचं नाही. मऊ खायचं. दुखणं थांबलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. मी घरी आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती कॉफी करून प्याले. गाल बधिर होता, तो दाताखाली कधी आला ते समजलं नाही. पेल्याच्या काठाला रक्त दिसलं तेव्हा समजलं.

आता ज्यासाठी लिहितेय ते. श्रीनिधीचं दुसरं लग्न ठरतंय. मुलगी येलवालची, मृदुला नाव. कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. वडील नाहीत, आई तुळसीबाई एकट्याच सगळं बघतात. धनुर्मास लागायच्या आत, चौदा तारखेला, निश्चय-तांबूल उरकायचं ठरलं होतं. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. ताटांची अदलाबदल झाली की दोघी आयांनी एकमेकींच्या हातचा विडा सगळ्यांसमोर चावून खायचा, त्याशिवाय शब्द पक्का होत नाही. तुझ्या आईने खाल्ला होता, मीही.

पावनीच्या कागदावर लिहिलंय, कॅप बसेपर्यंत सुपारी नाही, कडक काही नाही. तो कागद मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. श्रीनिधीने वाचला. "एका विड्यासाठी महिना घालवायचा का, अम्मा?" म्हणाला. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "डॉक्टर सांगतात ते ऐकावं." तांबूल संक्रांतीच्या पलीकडे गेलं.

मला बरं वाटलं. तुझ्या हाताचं विचारत नाही, विचारायला मला तोंड नाही.

तुंगा

*

कृष्णमूर्तीपुरम
२३ डिसेंबर

चि. सुप्रीता,

दुसरी बैठक झाली. मुळं साफ करून भरली, वर तात्पुरतं फिलिंग घातलं. कॅपसाठी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. दुखणं पूर्ण गेलं. पावनी म्हणते, आता त्या दाढेत नसच नाही, गरम-थंड काही कळणार नाही, पण ठिसूळ झालीय, जपा. मी दहीभात खाते, उजवीकडून चावते, गोळ्या वेळेवर घेते. इतक्या आज्ञाधारकपणे मी तुझ्या सासऱ्यांशीसुद्धा कधी वागले नाही.

काल तुळसीबाईंचा फोन आला. भल्या बाई आहेत. आधी दाढेची चौकशी केली, मग आडवळणाने विषयावर आल्या. "रागावू नका हं तुंगाबाई. पहिलीचं काय झालं ते एकदा तुमच्या तोंडून ऐकावं म्हणते. बायका बायकांना खरं सांगतात, अल्वा, हो ना?"

मी म्हटलं, "दाढ फार दुखते हो. तोंडच उघडत नाही. जरा बरी झाले की बोलू."

तुला सांगते, काल दाढ जराही दुखत नव्हती. तरी गालाला हात लावून बोलले, फोनवर कुणाला दिसणार होतं कोण जाणे.

त्यांना काय सांगायला हवं होतं ते इथे लिहिते, म्हणजे निदान एकदा तरी माझ्या हातून लिहिलं जाईल. दोन वर्षांपूर्वी, गौरीच्या दुसऱ्या दिवशी, तू पिरियापट्टणच्या दातांच्या शिबिराला जाते म्हणालीस. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या बायकांचे दात तपासायला. श्रीनिधी नको म्हणाला. तू चपला घातल्यास. त्याने तुझा उजवा हात धरला आणि मागे पिळला. मी स्वयंपाकघरात चार हातांवर उभी होते. मनगटाचा आवाज मी ऐकला. मी कुकरखालचा गॅस बंद केला. तेवढंच केलं.

इस्पितळात मी सांगितलं, बाथरूममध्ये घसरली. महिला पोलीस ठाण्यात तेच कन्नडात माझ्या हाताने लिहून दिलं, शाळेचे दाखले लिहायच्या वळणदार अक्षरात, आणि खाली सही केली. तू माझ्याकडे बघत होतीस. मी पेनाचं टोपण शोधत होते. तुझी तक्रार तिथेच मिटली, आणि मग तू गेलीस. पावनी सांगत होती, आता तू नुसती तपासणी करतेस, बारीक कामाला तुझं बोट थरथरतं. मला हे ऐकून काय वाटलं ते लिहायचा मला हक्क नाही.

आता ती केमिस्ट्रीवाली मुलगी त्याच घरात येणार आहे.

तुंगा

*

कृष्णमूर्तीपुरम
१७ जानेवारी

चि. सुप्रीता,

तुझं उत्तर मिळालं. दवाखान्याच्या चिठ्ठीवर तीन ओळी. "कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. तात्पुरतं फिलिंग जास्त दिवस ठेवू नये, कॅप लवकर बसवावी. इतर विषयावर लिहू नये." अक्षर ओळखू आलं नाही, इतकं बदललंय. डाव्या हाताने लिहितेस का?

पहिल्या दोन सूचना ठीक. तिसरी पाळत नाही. पेशंट तरी कुठे सगळं पाळतात.

दाढ तुटली. झालं असं की संक्रांतीला यळ्ळू-बेल्ला, म्हणजे तीळगूळ, वाटायला बायका आल्या होत्या, बोलता बोलता ताटातला सक्करे अच्चु, तो साच्यातला साखरेचा तुकडा, चुकून डाव्या बाजूला गेला. फिलिंग निघालं आणि दाढेचा आतला कोपरा उडाला. पावनी म्हणाली, मुळं शाबूत आहेत हे नशीब. आत आधार घालून दाढ उभी करावी लागेल, मग माप, मग कॅप. अजून दोन-तीन आठवडे.

वर "चुकून" लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे. खोटं किती सहज लिहिलं जातं ते मलाही बघू दे.

कॅपच्या दोन तारखा मी आधीच चुकवल्या होत्या. एकदा सर्दी झाली म्हटलं, एकदा बस चुकली म्हटलं. तरी एकवीस तारीख तांबुलाला धरलीच. संक्रांतीच्या दिवशी बायका हॉलमध्ये हळदीकुंकवाला बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले, डब्यातून साखरेचा हत्ती निवडला, कारण सगळ्यात जाड तोच होता. डावीकडे ठेवला आणि जोर लावून चावला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा झालं. मग ओरडत बाहेर आले.

तोंड उघडून चार वाक्यं बोलायची, तर त्याऐवजी मी स्वतःचा दात फोडून घेतला. हसू नकोस. की हस, मला चालेल. शाळेत सहाशे पोरं माझ्या चपलेच्या आवाजाने गप्प व्हायची. घरात मी एकाला घाबरते, आणि त्याला लहानपणी मीच पाढे शिकवलेत.

त्याने आरडाओरडा केला नाही. माझ्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "अम्मा, मुंदिन सल नाने बर्तिनि." पुढच्या वेळी मीच सोबत येणार. हे म्हणाले, "बघ, किती काळजी करतो तुझी."

तुंगा

*

कृष्णमूर्तीपुरम
३ फेब्रुवारी

चि. सुप्रीता,

कॅप बसली. तिन्ही वेळा तो मला गाडीने घेऊन गेला आणि खुर्चीशेजारी उभा राहिला. पावनीला विचारलं, "सुपारी केव्हापासून चालेल?" ती म्हणाली, आज चिकट काही नको, उद्यापासून सगळं खाऊ द्या, फक्त दातांत धागा फिरवायला विसरू नका आणि सहा महिन्यांनी दाखवा. तो म्हणाला, "थँक्यू डॉक्टर." निघताना पावनीने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी पर्स आवरली.

तांबूल आठ तारखेला, त्यांच्या घरी, येलवालला. माझ्याकडे आता कुठलंही कारण उरलेलं नाही. तुळसीबाईंचे दोन महिन्यांत पाच फोन मी दाढेवर घालवले. आता त्या विचारत नाहीत.

मी तिथे बोलणार आहे. हे तुला लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

तुंगा

*

कृष्णमूर्तीपुरम
९ फेब्रुवारी

चि. सुप्रीता,

बोलले. ऐक काय झालं ते.

ताटं बदलायच्या आधी मी तुळसीबाईंना आत स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "माझ्या मुलाने सुप्रीताचा हात मोडला. मी बघत होते. तुमची मुलगी देऊ नका." दोन महिने घोळवलेलं वाक्य, म्हणायला तीन श्वास लागले.

त्यांनी पदराला हात पुसले, फोन काढला आणि मला एक फोटो दाखवला. माझीच जबानी. बाथरूम, साबणाचं पाणी, घसरली, आणि खाली माझी सही. श्रीनिधीने पहिल्या भेटीतच पाठवली होती. जिथे जिथे स्थळ बघायला गेला तिथे ती दाखवली असणार. मला गेल्या दोन वर्षांत याचा पत्ता नव्हता.

"हे अक्षर तुमचं नव्हे?" त्यांनी विचारलं.

"माझंच. पण ते खोटं आहे."

"दोन महिने मी तुम्हाला विचारते तुंगाबाई. तेव्हा तुमचा दात दुखत होता. आज ताटं मांडल्यावर आठवलं?" त्यांचा आवाज चढला नाही. "लोक म्हणतात तेच खरं की काय, पहिलीलाही तुम्हीच टिकू दिलं नाही म्हणून?"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. बाहेर आले. ताटं बदलली, तुळसीबाईंनी विडा पुढे केला. मी तो घेतला आणि परत ताटात ठेवला. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी पंचवीस माणसांसमोर.

मग श्रीनिधी हसला. इतकं छान हसला की मलाही क्षणभर वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बोलले. "गेले दोन महिने अम्माचं हे असंच चाललंय. दात, गोळ्या, परत दात. झोप नाही, काही नाही. परवागिल्ला, काही बिघडत नाही, आत्या खाईल विडा." कुणीतरी म्हणालं, हो हो, बिचारीचा चेहरा बघा किती ओढलाय. कुणीतरी मला पाणी दिलं. ह्यांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "सुम्निरु, तुंगा." गप्प राहा. माझ्या जागी ह्यांच्या बहिणीने विडा खाल्ला. नीट चावून, सगळ्यांना दिसेल असा. शब्द पक्का झाला. लग्न मार्चमध्ये.

दोन महिने मी दाढेच्या आड लपले, तर त्यांनी मला त्याच दाढेत बंद करून टाकलं. कुणाला दोष देऊ?

मृदुला दारात कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. हसली नाही की रडली नाही. माझ्याकडे बघत होती, प्रयोगशाळेत परीक्षानळीकडे बघावं तशी.

तुंगा

*

सरस्वतीपुरम, मैसूर
१३ फेब्रुवारी

चि. सुप्रीता,

वरचा पत्ता शाळेतल्या माझ्या जुन्या सोबतिणीचा आहे. तिने एक खोली दिलीय. का दिली, ते पुढे येतंच.

दहा तारखेला सकाळी श्रीनिधीने मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. डाव्या गालावर, उलट्या हाताने. कॅप सुटून ओसरीवर गेली. हे समोर बसले होते. पेपराची नीट घडी घातली, चष्मा काढला आणि मागच्या अंगणात गेले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते जे करत होते ते मी ओळखलं. मीही असाच गॅस बंद केला होता.

कॅप रुमालात बांधून हिनकलला गेले. पावनीने गाल बघितला आणि विचारलं, "घसरलात का अत्ते?" ती मला अत्ते म्हणते हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. मी म्हटलं, "नाही. मुलाने मारलं. तसंच लिही." तिने लिहिलं. कॅप तात्पुरती चिकटवली. मग तोच कागद पुन्हा: मऊ खा, उजवीकडून चावा, सूज वाढली तर फोन करा. तो कागद आणि तिची चिठ्ठी घेऊन मी त्याच ठाण्यात गेले, जिथे तेव्हा आपण गेलो होतो. दोन वर्षांपूर्वीची जबानी खोटी आहे असं लिहून दिलं. कन्नडात, त्याच अक्षरात. तुला पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथे वापरता यावी म्हणून पोचेची झेरॉक्स सोबत जोडली आहे. खोटं लिहून दिल्याबद्दल माझ्यावर काही कारवाई झाली तर होऊ दे. तुझं मनगट तेवढ्याने भरून येणार नाही हे मला कळतं.

तिथून मृदुलाच्या कॉलेजला गेले. फाटकाशी तासभर उभी होते. आली. सुजलेला गाल बघून थांबली आणि मला समोरच्या हॉटेलात घेऊन गेली. माझ्यासाठी दूध सांगितलं, कोमट. मी सगळं सांगितलं.

शेवटी म्हणाली, "तेव्हा बोलला नाहीत. आता कशाला बोलता?"

काहीतरी चांगलं सांगता आलं असतं. पश्चात्ताप, तुझी काळजी, असलं काहीतरी. मी म्हटलं, "कारण आता मलाही लागलं. तिचं हाड मोडलं तेव्हा मला दुखलं नव्हतं." हेच खरं आहे सुप्रीता. तांबुलाच्या दिवशी मी बोलले, ते धाडसही मी मनातल्या मनात मिरवत होते. गालावर बसल्यावर ते सगळं उतरलं.

मृदुलाने बराच वेळ पेला फिरवला. "त्या कागदावर तुमची सही आहे. या कागदावरही तुमचीच सही आहे. मी कुठल्या तुंगाबाईंवर विश्वास ठेवू?"

"कुठल्याच नको," म्हटलं. "सुप्रीताला विचार."

तुझा पत्ता दिला, तुला न विचारता. ती रविवारी सकाळच्या बसने पिरियापट्टणला येईल. तिने आईला सांगितलेलं नाही. लग्न मोडेल की नाही ते मला माहीत नाही, आणि ते ठरवणं माझं कामही नाही. पण ती तुझ्या दारात उभी राहील तेव्हा तिला परत पाठवू नकोस. माझ्यासाठी काहीच करू नकोस. मला उत्तरही नको.

तिला सगळं सांग. मी चार हातांवर उभी होते, तेही सांग.

तुंगा